'फेअर' कोणासाठी?



कापसाची गाडी खरेदी केंद्रावर लागली की ग्रेडरच्या तोंडी एकच मंत्र असतो : एफएक्यू. म्हणजे 'फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी'. यातल्या पहिल्या शब्दाचा आज हिशेब मांडू.

शब्द आपल्याला नवा नाही. शाळेत मास्तर म्हणत, कच्चे नको, फेअर करून आणा. 'फेअर अँड लव्हली'तला फेअर म्हणजे गोरा. (कंपनीने २०२० साली तो शब्द नावातून काढला, आपल्या कापसाला गोरेपणाची अट कायम आहे!) इंग्रजीत जत्रेलाही फेअर म्हणतात. पण वजनदार अर्थ एकच, रास्त.

हा अर्थ सरकारने कुठे वापरला? रेशनच्या पाटीवर : 'रास्त भाव दुकान'. रास्त कोणाला? घेणाऱ्याला. उसाला २००९ पासून एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. कायद्याने कारखान्याला त्याखाली जाता येत नाही. ऊसवाल्या भावांचा हेवा नाही, थकबाकीसाठी त्यांनाही रस्त्यावर यावे लागतेच. पण कापूस-ज्वारीच्या भावात 'रास्त' हा शब्दच नाही. आपल्या वाट्याला 'किमान' आणि 'आधार'. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० रुपये, लांब धाग्याला ८,११०, संकरित ज्वारीला ३,६९९. म्हणे खर्चाच्या दीडपट! त्या खर्चात घरच्या जमिनीचा खंड धरलेला नाही, स्वतःच्या भांडवलाचे व्याज नाही. आणि खाजगी व्यापाऱ्यावर हा आकडा बंधनकारकच नाही.

मग फेअर गेला कुठे? भावातून निघाला आणि आपल्या मालाच्या मानगुटीवर बसला. भाव रास्त असायची गरज नाही, बोंड मात्र रास्त पाहिजे. ओलावा ८ टक्के असेल तर पूर्ण भाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यावर गाडी परत. दव सुकल्यावर वेचा, हे आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो आणि गावोगाव सांगत फिरलो. शास्त्र खोटे नाही. पण वेचणीला आलेल्या बाया ऊन वर येईपर्यंत कोणाच्या बांधावर बसून राहतील? शिवाय मीटर ज्याच्या हातात, तो आकडा आपल्याला दाखवत नाही.

म्हणून यंदा माल नाकारला किंवा भाव कापला, तर ओलाव्याचा आकडा सहीनिशी लिहून मागा. लिहून देत नसतील तर तारीख, केंद्र आणि वजन आपणच टिपून ठेवा. जिल्हा बैठकीला येताना ते कागद सोबत आणा.