सुगी, मळणी यंत्र आणि मजुराचा हात

घटस्थापना आली की आमच्या जिल्ह्यातले रस्ते दोन तऱ्हांनी गजबजतात. तुळजापूरहून ज्योत घेऊन गावोगावची पोरे अनवाणी धावत निघतात, आणि त्याच रस्त्यावरून ट्रॅक्टरच्या मागे जोडलेली मळणी यंत्रे धूळ उडवीत एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जातात. सोयाबीन निघाले की महिना-दीड महिना या यंत्रांना विसावा नसतो. पोरांच्या पायांना फोड येतात ते चार दिवसांत बरे होतात. यंत्राने घेतलेले मात्र परत येत नाही. म्हणून या दिवसांत रात्री दाराशी मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, तरी तालुक्याच्या गावी दवाखाना थाटून बसलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरच्या पोटात धस्स होते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. एका मोटारसायकलवरून तिघे आले. मध्ये पस्तिशीची एक बाई, तिचा उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला. टॉवेल सोडला तर आत मूठभर हळद, आणि हळदीखाली चार बोटांच्या जागी काही उरले नव्हते. बाई रडत नव्हती. मी सलाईन लावत असताना तिने विचारले, ‘डॉक्टरसाहेब, आजचा रोज तर मिळंल ना हो?’ तिला घेऊन आलेला शेतकरी भला माणूस होता. औषधाचे पैसे त्याने मी न मागता काढून ठेवले. पण तोही म्हणाला, ‘काय करावं साहेब, नशीब तिचं.’ तिला पुढे सोलापूरला पाठवण्याची तयारी चालली होती, तेवढ्यात त्याच्या फोनवर शेतातून निरोप आला, राहिलेली रास उरकली, पोती मोजायला या. म्हणजे यंत्र थांबले असेल तर हात सोडवण्यापुरतेच.

त्या ‘नशीब’ शब्दाशी माझे भांडण आहे. नशिबाचा घाला सांगून येत नाही. हे अपघात तर ठरल्यासारखे येतात. दर वर्षी तेच दिवस, बहुधा तीच संध्याकाळनंतरची वेळ आणि हात घालण्याचे तेच कारण. यात माझाही दोष आहे, तो आधी कबूल करतो. कित्येक वर्षे मी केसपेपरवर ‘यंत्राची जखम’ एवढेच लिहून मोकळा होत असे. यंत्र कसे होते, हात कुठपर्यंत गेला होता, किती तास काम चालले होते, हे विचारायचे मला सुचले नाही. विचारू लागलो तेव्हा एकच हकिगत निरनिराळ्या तोंडांतून ऐकू आली. बनीम संपत आलेली असते. उरलेले काड बुटके आणि खालच्या ओलीने दमट झालेले असते. ते तोंडाशी अडते. मग यंत्र चालू ठेवूनच माणूस ते हाताने आत लोटतो. ज्वारीच्या धाटाचे तसे नव्हते, ते लांब असल्याने हात दूर राही. सोयाबीनचे काड जेमतेम हातभर, त्यामुळे काडाबरोबर हातही यंत्राच्या तोंडाशी जातो.

यावर उपाय आहे आणि तो पत्र्याचा आहे. यंत्रात काड सारण्यासाठी पन्हळीसारखा जो भाग असतो, तो किमान ९० सेंटिमीटर लांब असावा आणि त्यातला ड्रमकडचा ४५ सेंटिमीटरचा भाग वरून झाकलेला असावा, असे भारतीय मानक ब्युरोचे सांगणे आहे. हे आकडे काही उगाच ठरवलेले नाहीत. मोठ्या माणसाचा हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सत्तर-पंच्याहत्तर सेंटिमीटर भरतो. पन्हळ त्याहून लांब असली की उभ्या माणसाचा हात ड्रमच्या दातांपर्यंत पोचतच नाही. धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्राचा कायदाही १९८३ साली झालेला आहे आणि मळणी यंत्र त्यात आहे. कायद्याला चाळीस वर्षे उलटली. वाचकहो, आज आपल्या शेजारच्या शेतात चालू असलेल्या यंत्राजवळ जरा जाऊन बघा. कुठे पन्हळ वीतभर, कुठे झाकण काढून बांधाला टेकवून ठेवलेले. का काढले, तर म्हणे झाकणाने काम मंद होते.

दुसरा धोका यंत्राच्या तोंडाशी नसून ट्रॅक्टर आणि यंत्र यांच्या मधल्या फिरत्या दांड्याशी आहे. पीटीओ शाफ्ट म्हणतात तो. मिनिटाला ५४० फेरे हा त्याचा ठरलेला वेग, म्हणजे सेकंदाला नऊ. दांड्याचा घेर वीतभर धरला तरी पदराचे टोक त्यात सापडल्यावर एका सेकंदात पावणेदोन मीटर कापड गुंडाळले जाते. ‘अगं बाई’ म्हणेपर्यंत पदर संपतो आणि गळा येतो. ओढणी, गळ्यातला पंचा, मोकळी वेणी, कशाचीही तीच गत. यंत्राबरोबर या दांड्यावर प्लॅस्टिकचे आवरण येते. ते फुटले की नवे बसवायला फार खर्च नाही, पण ट्रॅक्टरला टेप बसवायला पैसे निघतात आणि आवरणाला निघत नाहीत. पदर कमरेला खोचून वरून शर्ट घालणे, वेणीचा अंबाडा करून डोक्याला फडके बांधणे, यांना तर काहीच पडत नाही. आणि चालू दांडा ओलांडून पलीकडे कुणी जायचे नाही. मालकानेसुद्धा नाही.

शेतकऱ्याला नुसते दोषी धरून लिहिणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. परतीचा पाऊस माथ्यावर असतो. ताडपत्रीखालचे सोयाबीन भिजले तर दाणा काळा पडतो आणि मोंढ्यात भाव पडतो. यंत्र एकदा पुढच्या गावाला गेले की पुन्हा आठ दिवस मिळत नाही. यंत्रवाल्याला पैसे पोत्यामागे मिळतात, मजूर बहुधा गुत्त्यावर. अशा हिशेबात थांबणारा प्रत्येक जण तोट्यात जातो. म्हणून रात्री बल्ब लावून, सकाळपासून उभ्या असलेल्या माणसांकडूनच रास उरकून घेतली जाते. पूर्वीच्या खळ्याची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांतला मी नाही. तिवड्याभोवतीच्या बैलाने लाथ मारून बरगडी मोडलेले आणि शिंगाने पोट फाडलेले लोक आमच्या वडिलधाऱ्यांनी पाहिले होते. फरक इतकाच की बैल दमला की थांबत असे.

आता अपघात झालाच तर काय करावे ते सांगतो. पहिल्यांदा ट्रॅक्टर बंद करा. हात ओढू नका. पट्टे सैल करून ड्रम हाताने उलटा फिरवा आणि मग हात सोडवा. जखमेवर हळद, चहापूड, डिझेल काहीही नको. आम्हाला ते सगळे खरवडून काढावे लागते आणि त्यात वेळ जातो. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा, हात वर उचला, दहा मिनिटे उघडून बघू नका. रक्त तरीही धारेने उडत असेल तर जखमेच्या वर चार बोटे रुंद कापड घट्ट आवळा, किती वाजता बांधले ते लक्षात ठेवा आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सोडू नका. सुतळी किंवा तार बांधू नका. तुटलेले बोट किंवा पंजा सापडला तर ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवले तर मांस मरते. यंत्राच्या दातांनी चिरडलेले बोट पुष्कळदा जोडता येत नाही, पण ते ठरवणे सर्जनचे काम, ते बांधावर फेकून देऊ नका. पंजा जोडायचा तर सहा तासांच्या आत पोचावे लागते. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत दाब सोडू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन मात्र लहान जखमेलाही चुकवू नये.

याच दिवसांत बनीम उचलताना साप चावल्याचे रुग्णही येतात. ताडपत्रीखाली उंदीर जमतात आणि उंदरांमागे घोणस येते. ताडपत्री काठीने उचलावी, काड दाताळ्याने ओढावे, उघडे हात खाली घालू नयेत. साप चावला तर मात्र वर सांगितले तसे आवळून बांधू नका, ब्लेडने कापू नका, मांत्रिकाकडे थांबू नका. हात किंवा पाय हलू न देता सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. धुळीसाठी नाकाला ओले फडके बांधले तरी खोकला निम्म्यावर येतो.

माझे खरे गाऱ्हाणे पुढेच आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने राज्य सरकारची शेतकरी अपघाताची योजना आहे. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर एक लाख. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत कागद द्यावे लागतात. योजना चांगली आहे, पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. यंत्राच्या तोंडाशी उभी असते ती भूमिहीन बाई, तिचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नसते. हरयाणा सरकारच्या अशाच योजनेच्या नावातच शेतकऱ्याबरोबर शेतमजूर आहे. मग आपल्याकडे तो का असू नये? आमदार मंडळींनी हा प्रश्न सभागृहात विचारावा, अशी माझी जाहीर मागणी आहे.

तोवर एक सोय हाताशी आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या कुणालाही ती घेता येते. वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यूला दोन लाख, एक हात कायमचा निकामी झाला तर एक लाख. दहा मजुरांचे दोनशे रुपये होतात. सुगी लागण्याआधी यंत्रवाल्याने ते द्यावेत आणि मजुरांना बँकेत नेऊन अर्जावर सह्या करून घ्याव्यात. दोनशे रुपयांनी त्याचा धंदा बसणार नाही.

गेल्या पोळ्याच्या सुमारास आमच्या ओळखीचा एक मळणीवाला दवाखान्यात आला. आदल्या साली त्याच्याच भाच्याचे बोट गेले होते. पन्हळ वाढवून आणली, झाकणही बसवले, जरा बघता का म्हणाला. घरातला शिवणकामाचा टेप घेऊन मी त्याच्याबरोबर रस्त्यावर गेलो. पन्हळ ८७ सेंटिमीटर भरली. ‘तीन सेंटिमीटरचं काय एवढं साहेब?’ तो म्हणाला. मी त्याला पन्हळीसमोर उभे केले, हात आत घालायला लावला आणि मजुरांत सगळ्यांत उंच कोण आहे ते विचारले. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग ट्रॅक्टर वळवून पुन्हा वेल्डिंगच्या दुकानाकडे गेला.