मुंबईला निघालात? आधी ती गोळ्यांची पुडी बाहेर काढा

श्रावण संपत आला की कोल्हापुरातून मुंबईला जाणाऱ्यांची गर्दी वाढते. कुणी लालबागच्या दर्शनाला, कुणी बहिणीकडे गणपतीला, कुणी पोराला नोकरीवर सोडायला. स्टेशन आमच्या शाहूपुरीत, त्यामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस पकडण्याआधी इथल्या औषध दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते. "प्रवासाला चाललोय, जुलाबाच्या, तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या देऊन ठेवा." पिशवीत नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडॅझोलची एक पट्टी पडते, अझिथ्रोमायसिनची एक, आणि एक 'जोरात काम करणारी' वेदनाशामक. चिठ्ठी कुणी विचारत नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'प्रवासात सोबत ठेवा' याद्यांतही हीच औषधं असतात. माझं म्हणणं सरळ आहे: ही पुडी तुम्हाला वाचवत नाही, उलट आजार लपवते.

जुलाबाचंच घ्या. बाहेरचं खाऊन होणारे बरेच जुलाब विषाणूंमुळे किंवा शिळ्या अन्नातल्या विषामुळे होतात आणि दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. तुम्ही चार गोळ्या खाता, जुलाब थांबायचे तेव्हा थांबतात, आणि श्रेय गोळीला मिळतं. पुढच्या वेळी पुन्हा तीच गोळी. खरं नुकसान होतं ते त्या जुलाबामागे टायफॉइड असेल तेव्हा. अर्धवट अँटिबायोटिक घेतल्यावर रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडणं अवघड होतं आणि आम्ही अंधारात चाचपडत बसतो.

पिशवीत ठेवायचं ते ओआरएस. पण पाकिटावर लिहिलेलं वाचा. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, एकदम. अर्धं पाकीट पेल्यात कालवून लहान मुलाला पाजलं तर मीठ जास्त होऊन मूल आणखी आजारी पडतं. आणि दुकानातल्या गोड रंगीत पेयांना ओआरएस समजू नका. नावात 'ओआरएस' लावून अशी पेयं वर्षानुवर्षं विकली गेली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी आठ वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. शौचातून रक्त, खूप ताप, किंवा लघवीच बंद, यांपैकी काही असेल तर मात्र थांबू नका. "रात्री मुंबईत डॉक्टर कुठे शोधू?" असं विचारणाऱ्यांना सांगतो, केईएम, सायन, नायर ही पालिकेची रुग्णालयं रात्रंदिवस उघडी असतात.

आता ती वेदनाशामक. मुंबईतल्या पावसाळी तापात डेंग्यू असू शकतो, आणि डेंग्यूत अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरवायला पॅरासिटामॉल पुरे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे दर्शनाच्या रांगेत हाफ पँटवर सहा तास उभं राहणं ही त्याला मेजवानीच. मलेरियाचा डास रात्री चावतो आणि मुंबईत तो गटारापेक्षा स्वच्छ पाण्यात वाढतो: गच्चीवरच्या उघड्या टाक्या, बांधकामावरचं साठलेलं पाणी. त्यामुळे "बहिणीची सोसायटी एकदम स्वच्छ आहे हो" हे मला ऐकवू नका. मच्छरदाणी मागा, पाहुण्याने मागितली तर कुणी रागावत नाही.

आणि पाण्यातून चालणं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसं गेली. "आम्ही २०१९ चा पंचगंगेचा पूर पाहिलाय" म्हणून छाती काढू नका. तुंबलेल्या रस्त्यावरच्या पाण्यात उंदरांचं मूत असतं आणि पायावरची साधी चीरही जंतूंना पुरते. अशा पाण्यातून गेलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधक गोळी आहे, पण गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला ती वेगळी द्यावी लागते. म्हणून ती दुकानातून परस्पर आणायची नाही.

सगळ्यात जास्त राग मला पुढच्या गोष्टीचा येतो. माणूस परत येतो, दहा दिवस ठणठणीत असतो, मग थंडी वाजून ताप भरतो. तोवर मुंबई विसरलेली असते. पुडीतल्या उरलेल्या गोळ्या खाल्ल्या जातात, गल्लीत 'ताप उतरवणारं' इंजेक्शन घेतलं जातं, आणि त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, तोवर आत आजार वाढतो. डास चावल्यापासून मलेरियाचा ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, कधी जास्त. डेंग्यूला चार ते दहा दिवस. लेप्टोला महिनाही लागू शकतो. फाल्सिपेरम मलेरियात दोन दिवसांचा उशीरही मेंदू आणि किडनीवर बेतू शकतो. रक्ताची तपासणी मात्र साधी आहे, सरकारी दवाखान्यात फुकट होते.

म्हणून परतल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरसमोर पहिलं वाक्य "ताप आलाय" हे नको. "मुंबईला जाऊन आलोय, अमुक तारखेला परतलो, पाण्यातून चाललो होतो" असं सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. व्हायव्हॅक्स मलेरिया निघाला तर रक्ततपासणी करून प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या देतात. ताप तिसऱ्या दिवशी गेला म्हणून त्या सोडू नका. यकृतात लपलेले जंतू काही महिन्यांनी, दिवाळी उलटून गेल्यावरसुद्धा, पुन्हा ताप आणतात. तेव्हाही मुंबईचं नाव घ्या.