उसनी ऊब

गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही दहावीच्या विद्यार्थ्यांनी अंडी उबविण्याची एक पेटी तयार केली. लाकडी खोके, विजेचा दिवा, उष्णतामापक आणि पाण्याने भरलेली वाटी, एवढाच सारा सरंजाम. तीत १२ गावठी अंडी मांडली आणि आळीपाळीने पहारा ठेवला. एके रात्री वीज गेली. एका रविवारी अंडी फिरविण्याची पाळी कोणाची यावर वाद झाला आणि ती फिरविलीच गेली नाहीत. एकविसाव्या दिवशी ४ पिले बाहेर आली. त्याच सुमारास आमच्यातील एकाच्या आज्जीने खुडूक कोंबडीखाली बुट्टीत १२ अंडी बसविली होती. तिची १० फुटली. आमची फजिती ऐकून आज्जीने एवढेच विचारले, "तुमची कोंबडी मधनं उठत होती का रं?"

हा प्रश्न आम्हांस तेव्हा थट्टेचा वाटला. पुढे वाचन केल्यावर त्यातील मर्म उमगले. कोंबडी अंड्यांवर नुसती बसून राहत नाही. ती दिवसातून अनेकदा चोचीने अंडी उलथीपालथी करते, म्हणून आतला जीव कवचाच्या अस्तरास चिकटत नाही. दाणापाण्यासाठी ती उठते, तेव्हा अंडी घटकाभर निवतात, आणि त्याने अपाय होत नाही. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी हळूहळू उडून अंड्याचे वजन घटते. ते बेताने घटले तरच पिलास श्वासापुरती हवेची पोकळी मिळते. शेवटच्या दोन दिवसांत पिलू आतून चिवचिवते आणि कोंबडी त्यास बाहेरून साद देते. आमच्या दिव्यास ऊब देता येत होती, साद देता येत नव्हती.

हे सारे लिहिण्याचे कारण माळढोक. पूर्वी दख्खनच्या माळरानांवर दिसणारा हा उंचापुरा पक्षी. पलीकडचे कानडी बांधव त्यास 'एरेभूत', म्हणजे काळ्या जमिनीतले भूत, म्हणतात. आज साऱ्या देशातील रानांत मिळून हे पक्षी दीडशेच्या आत उरले आहेत, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात. महाराष्ट्राने सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य केले. पण तेथे आता एखादा पक्षी दिसला तरी ती बातमी होते. आपल्या कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यातील सिरगुप्पा भागात मोजके उरले आहेत.

मादी बहुधा वर्षाकाठी एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. कुत्री, कोल्हे, मुंगूस, कावळे यांच्या तावडीतून ते वाचले तर सुमारे चार आठवड्यांनी पिलू. म्हणून २०१९ साली राजस्थानातील जैसलमेरजवळ सम येथे भारतीय वन्यजीव संस्था व राजस्थानचे वनखाते यांनी रानातील काही अंडी उचलून यंत्रात उबविण्यास आरंभ केला. तेथील यंत्रे ऊब आणि दमटपणा सांभाळतात, अंडी ठरावीक वेळी फिरवितात. अंडे तोलून त्याचे घटते वजन पाहिले जाते आणि उजेडासमोर धरून आतील वाढ तपासली जाते. आज्जी अंडे हाताच्या मुठीत धरून उन्हाकडे पाहते, तीच ही परीक्षा! त्या पिलांतून वाढलेल्या पक्ष्यांनी पुढे बंदिवासातच अंडी घातली. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिलू जन्मास आले. २०२५ पर्यंत तेथील पक्ष्यांची संख्या साठांच्या वर गेली.

यावर काही सुज्ञ मंडळी म्हणतात की, ही आईच्या कुशीतून केलेली चोरी होय. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु पहिले अंडे हरपल्यास मादी पुष्कळदा दुसरे घालते, आणि उचललेले अंडे रानात राहिले असते तरी वाचण्याची शाश्वती नव्हतीच. तेव्हा हाती दीडशे पक्षी उरले असता यंत्राकडे पाठ फिरविणे हा सोवळेपणा आम्हांस परवडणारा वाटत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया कॉन्डॉर या गिधाडाचे १९८७ साली जगात अवघे २७ पक्षी उरले होते आणि ते सर्व पिंजऱ्यात होते. आज त्यांची संख्या काही शेकड्यांत आहे.

मात्र त्याच हकीकतीचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही. त्या पिलांनी माणसाला आई समजू नये म्हणून हातात कॉन्डॉरच्या मुखवट्याची बाहुली घालून त्यांना भरविले गेले. तरीही प्रथम सोडलेले काही पक्षी माणसांजवळ जाऊ लागले, विजेच्या खांबांवर बसू लागले. मग वडीलधाऱ्या पक्ष्यांच्या संगतीत पिले वाढवावी लागली. म्हणजे ऊब उसनी मिळते, शिकवण मिळत नाही. माळढोकाचे पिलू तर पुष्कळ महिने आईमागे हिंडत असते.

आणि शिकून जायचे कोठे? आमच्याकडील माळ सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून ओळखला जातो. पाणी आले तेथे ऊस आला, कोठे खाण, कोठे भूखंडांचे दगड रोवले गेले. विजेच्या तारांची गोष्ट निराळीच. या पक्ष्याचे डोळे बाजूंना असल्याने समोरची तार त्यास वेळेवर दिसत नाही आणि जड देह चटकन वळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तारा जमिनीखाली नेण्याविषयी आदेश दिला. २०२४ साली तो पुष्कळ सैल केला.

येथे शेतकऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे. सोलापूरचे अभयारण्य प्रारंभी सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होते. त्यात गावेच्या गावे आली, जमिनींचे व्यवहार अडले आणि पक्ष्याविषयी लोकांच्या मनात अढी बसली. पुढे ते सुमारे १,२२० चौरस किलोमीटरवर आणावे लागले. नकाशावर मोठी रेघ ओढण्यापेक्षा गावाच्या संमतीने गायरानाचा एक तुकडा राखणे आम्हांस अधिक पटते. त्यात गुरांना चाराही मिळेल. महाराष्ट्र व कर्नाटक या दोन सरकारांचे आमच्या या सीमाभागावरून भांडण आहे ते असो. माळ राखण्यास त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

यंदा शाळा उघडली तेव्हा आमच्या मैदानाच्या पूर्वेकडील कोपऱ्यात टिटवीची ४ अंडी आढळली. टिटवी पाण्यात पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांस गारवा देते, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. ते तेथे प्रत्यक्ष पाहिले. काहींनी अंडी आमच्या पेटीत ठेवावीत असे सुचविले. आम्ही नकार दिला, कारण त्यांची आई जिवंत होती व दिवसभर आमच्या डोक्यावर ओरडत होती. खेळपट्टी तेवढी पश्चिमेस सरकवली. पुढील उन्हाळ्यात मैदान सपाट करण्याचा बेत आहे असे कानी आले आहे. तो कोपरा पावसाळा संपेपर्यंत तसाच ठेवावा, अशी मुख्याध्यापकांस आमची नम्र विनंती आहे.