बाटलीवर मिनिटे छापा

पावसाळा लागला की चौक फाट्यापासून कर्जतपर्यंत फार्महाउसच्या ओट्यांवर सिट्रोनेला या गवताच्या सुगंधी तेलाच्या मेणबत्त्या पेटतात. शेजारी त्याच तेलाची लहानशी तपकिरी बाटली असते. तिच्यावर हिरवे पान आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री’ ही अक्षरे. मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेली आई त्यातले चार थेंब लेकराच्या हातापायांना चोळते आणि निर्धास्त होते. तेल किती टक्के आहे, कोणत्या डासावर चालते, किती वेळ टिकते, यातले काहीही बहुतेक बाटल्यांवर छापलेले नसते. डेंग्यूच्या हंगामात नेमके तेच कळायला हवे.

किती वेळ टिकते, याचे उत्तर केव्हाच मिळालेले आहे. मार्क फ्रॅडिन आणि जोनाथन डे या अमेरिकी संशोधकांनी पंधरा स्वयंसेवकांना डासांच्या पिंजऱ्यात हात घालायला लावून बाजारातली उत्पादने तपासली. पिंजऱ्यात होता एडिस इजिप्ती, म्हणजे आपल्याकडे डेंग्यू पसरवणाराच डास. २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डीट हे डास पळवणारे रसायन सुमारे २४ टक्के असलेल्या औषधाने सरासरी पाच तास डास चावू दिला नाही. सिट्रोनेलाची उत्पादने वीस मिनिटेही टिकली नाहीत. मनगटावर बांधायच्या पट्ट्यांचा तर काहीच उपयोग झाला नाही, आणि त्या पट्ट्या आजही लहान मुलांसाठी म्हणूनच विकल्या जातात.

सिट्रोनेला न टिकण्याचे कारण समजायला सोपे आहे. वास येतो म्हणजे तेल उडते आहे. सुगंधी तेलातले हलके रेणू हवेत मिसळतात म्हणून डास बिचकतो, आणि ते हवेत मिसळतात म्हणूनच कातडीवर उरत नाहीत. खोबरेल तेलात कालवले तर उडण्याचा वेग थोडा कमी होतो. पण तेव्हाही घड्याळाकडे पाहून पुन्हा पुन्हा लावावे लागते, आणि खेळणाऱ्या मुलाच्या अंगावर घाम आला की हिशेब आणखी बिघडतो.

याचा अर्थ वनस्पतींची जुनी जाण खोटी, असा मुळीच नाही. खालापूर-कर्जतच्या ओढ्याकाठी निर्गुडी माजलेली असते. एका देठावर तीन किंवा पाच लांबट पाने, वरून हिरवी, खालून करडी. चुरगाळली की तिखट, औषधी वास बोटांना धरून राहतो. तिन्हीसांजेला गोठ्यात निर्गुडीचा किंवा कडुनिंबाचा ओला पाला गोवरीच्या निखाऱ्यावर टाकून धुरी करायची, ही इथल्या घरांची रीत. गुरांना गोमाशा आणि डासांपासून तेवढाच आराम. सिट्रोनेला तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातल्या फौजाही अंगाला लावत. खानदेशात एकोणिसाव्या शतकात रोशा गवताचे तेल भट्ट्या लावून काढले जाई आणि मुंबई बंदरातून परदेशी जाई. महाराष्ट्राला सुगंधी गवते नवी नाहीत. पण धुरी उघड्या गोठ्यासाठी होती. दार लावून घेतलेल्या खोलीत धूर कॉइलचा असो की पाल्याचा, तो छातीत जातो. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असे २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनीही या धोक्याकडे लक्ष वेधले होते. कॉइलला कंटाळून लोक तेलाकडे वळतात, त्यात त्यांचे चुकत नाही.

वनस्पतींमधूनही भरवशाचे काही मिळू शकते. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून पीएमडी नावाचा घटक तयार करतात. तो सावकाश उडतो, म्हणून तासन्‌तास टिकतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या शिफारशीतही तो आहे, मात्र तीन वर्षांखालील मुलांना लावू नये, या अटीसह. औषधाच्या दुकानात सर्दीसाठी मिळणारे निलगिरी तेल वेगळ्या झाडाचे. त्यात हा गुण शोधू नये. कडुनिंबाचे तेल हे अत्तरासारखे उडणारे नव्हे, बियांतून गाळलेले. १९९३मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी खोबरेल तेलात दोन टक्के निंबोळी तेल मिसळून पाहिले, तेव्हा अ‍ॅनॉफिलिस डासांपासून बारा तास संरक्षण मिळाले. अ‍ॅनॉफिलिस मलेरियाचा, रात्री चावणारा. त्या निकालावर विसंबून दिवसा चावणाऱ्या एडिससमोर मुलाला उभे करणे धोक्याचे आहे.

शिवाय नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज घरोघरी पक्का झाला आहे. कापूर आणि निलगिरी तेल लहान मुलाच्या पोटात गेले तर झटके येऊ शकतात. दक्षिण भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. लिंबाच्या सालीचे तेल लावून उन्हात गेले तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. गवती चहाचे तेल निव्वळ चोळले तर कित्येकांना पुरळ उठते. ही सूचना कोणत्या बाटलीवर ठळक अक्षरांत दिसते?

कॉइल किंवा डास मारणारे लिक्विड विकायचे तर १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी करावी लागते. सुगंधी तेले मात्र बहुतेकदा अरोमाच्या किंवा सौंदर्यप्रसाधनांच्या फळीवरून येतात आणि दावा डासांचा करतात. मागणी साधी आहे. डास पळवतो म्हणून जे विकले जाईल, त्यावर तेलाचे नाव, टक्केवारी, एडिसवर किती मिनिटे चालते आणि कोणत्या वयाखाली लावू नये, हे मराठीत छापलेच पाहिजे. ‘सिट्रोनेला, वीस मिनिटांपेक्षा कमी’ असे वाचले की आई पुढचा निर्णय स्वतः घेईल. संध्याकाळी ओट्यावर थोडाच वेळ बसायचे असेल तर ते तेल जरूर लावावे. दिवसभर मोरबे धरणाच्या बाजूला किंवा इर्शाळगडाच्या वाटेवर फिरायचे असेल, तर डीट, पीएमडी किंवा ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केलेले डेपा असलेले मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, याला पर्याय नाही.

गावातल्या माणसाला तर कोणतेच तेल पुरे पडणार नाही. मोरबेचे पाणी नवी मुंबईला जाते आणि कर्जत-खालापूरच्या कितीतरी वाड्यांत उन्हाळ्यात निळे ड्रम भरून ठेवावे लागतात. पाऊस सुरू झाला तरी ते ड्रम तिथेच उभे. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ड्रमच्या आतल्या भिंतीला, काळ्या ठिपक्यांसारखी अंडी चिकटवते. पाणी ओतून दिले तरी ती सुटत नाहीत; सुकून महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. म्हणून ड्रम नुसता उपडा करून भागत नाही, आतून घासावा लागतो, तोही दर आठवड्याला, कारण अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानांबाहेर रचलेले टायर, बंद फार्महाउसचे न उपसलेले पोहण्याचे हौद, ही तशीच ठिकाणे. आशाताई घरोघरी जाऊन भांडी तपासतात. फार्महाउसच्या कुलूपबंद फाटकापुढे त्यांचा इलाज चालत नाही.

सुट्टीपुरते येणाऱ्या मालकांनी इथला पाऊस आणि डोंगर घ्यावा, पण हौदातले डास शेजारच्या वाडीला देऊन जाऊ नये. ग्रामपंचायतीला हे रोखता येते. १५ ऑगस्टची ग्रामसभा डेंग्यूच्या ऐन हंगामात येते. बंद हौद उपसून घेण्याची जबाबदारी मालकावर किंवा त्याच्या रखवालदारावर टाकणारा, टायर छपराखाली ठेवायला लावणारा आणि आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी घासून कोरडी करण्याचा दिवस ठरवणारा ठराव त्याच सभेत मांडावा. वाड्यांना झाकणाच्या टाक्या द्याव्यात, आणि उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येणार, याचे उत्तरही त्याच सभेत मागावे.