माळ्यावरचा भोपळा

परसातील वेलाचा तांबडा भोपळा ही साध्या घरची मोठी शिदोरी आहे. कोणी त्याला डांगर म्हणतात, कोणी काशीफळ म्हणतात, गुण एकच. पावसाच्या आरंभी उकिरड्याच्या कडेला दोन बिया टोचाव्यात, वेल कुंपणावर किंवा गोठ्याच्या छपरावर चढवावा आणि दिवाळीच्या सुमारास चार-सहा जाड सालीची फळे घरात आणावीत, असा हा अल्प खर्चाचा व्यवहार. नीट राखलेले फळ दोन-तीन महिने टिकते. म्हणजे नाताळ ओलांडून उपवासकाळाच्या तोंडापर्यंत घरात भाजीची ददात पडत नाही. परंतु पुष्कळ घरांत नाताळाच्या आतच माळ्यावरून दुर्गंधी येऊ लागते आणि गृहिणी हळहळते, “माळ्यावर ठेवला आणि कुजला!”

वाचकहो, बहुधा तो माळ्यावर कुजलेला नसतो. कुजण्याचा आरंभ वेलावर, ओल्या मातीवर किंवा तोडणीच्या वेळी झालेला असतो. माळ्यावर तो केवळ उघडकीस येतो. म्हणून भोपळा टिकविण्याचा विचार बी टोचल्या दिवसापासून केला पाहिजे.

पहिला शत्रू तांबडा भुंगेरा. रोप दोन पानांचे असतानाच हा नारिंगी-तांबडा किडा पानांची चाळण करतो. भल्या सकाळी तो सुस्त असतो. त्या वेळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावा. पानांवर दव असताना चुलीची चाळलेली राख धुरळावी. त्याची अळी मातीत राहून मुळे खाते आणि जमिनीला टेकलेल्या फळाच्या सालीलाही भोक पाडते. यास्तव वेल निघाल्यावर ती जागा खणून उन्हात तापू द्यावी आणि पुढील दोन वर्षे तेथे भोपळा, काकडी, दोडका, कारले यांपैकी काहीच लावू नये.

दुसरा शत्रू फळमाशी. ती कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते, आत अळ्या होतात आणि फळ सडून गळते. फळ धरताच त्याला कागदाची पिशवी किंवा विरळ फडक्याची खोळ सैलसर बांधावी. माशीच्या नरांना ओढून घेणारे क्यू-ल्यूरचे सापळे शेतीच्या दुकानांत मिळतात. तेही उपयोगी पडतात. मात्र सर्वांत महत्त्वाचे काम फुकटचे आहे. गळालेले किडके फळ त्याच दिवशी उचलून दीड-दोन फूट खोल पुरावे. ते कुंपणापलीकडे भिरकावणे म्हणजे माशीची पैदास शेजाऱ्याच्या परसात पाठविणे होय. आणि ती तेथून परत आपल्याकडेच येते.

तथापि, गळणारे प्रत्येक फळ किडके नसते. सुपारीएवढे फळ पिवळे पडून गळाले आणि आत अळी नसली, तर बहुधा परागाचा अभाव हेच कारण असते. भोपळ्याची फुले पहाटे उमलतात आणि दुपारपूर्वी मिटतात. तेवढ्या वेळात मधमाशी आली नाही तर फळ धरत नाही. अशा वेळी नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावा. मादी फूल ओळखणे सोपे आहे. त्याच्या मागे इवलासा भोपळा असतो. रोग समजून विषारी औषध फवारणारा माणूस ज्या माशीची गरज आहे तिलाच मारतो. डी. डी. टी. चा शेतीतील वापर आपल्या देशात १९८९ साली बंद झाला. घरात जुनी पूड पडून असेल तर तिला मुळीच हात लावू नये. गंधकाची भुकटीही जपून वापरावी, कारण भर उन्हात तिने या वेलाची पाने करपतात.

पानांवर पिठासारखी पांढरी भुरी येते किंवा केवडा पडून पिवळे, कोनदार डाग दिसतात. दोन्हींवर पहिला उपाय म्हणजे वारा खेळता ठेवणे. वेलांची दाटी करू नये, रोगट पाने काढून टाकावीत, पाणी बुंध्याशी आणि सकाळी घालावे. पाने आखडून हिरवी-पिवळी चितकबरी झाली, तर तो मोझेक होय. त्याला औषध नाही. वेल उपटून नष्ट करावा, म्हणजे बाकीचे वेल वाचतील.

बेळगाव-खानापूरकडील आणि गोव्यातील मुसळधार पावसात फळाची खालची बाजू ओल्या मातीवर कुजते. प्रत्येक फळाखाली कौल, सपाट दगड किंवा कोरडे गवत सरकवावे. एवढ्या लहानशा कामाने अर्धी नासाडी टळते.

आता तोडणी. साल इतकी कठीण व्हावी की नख रुतू नये. देठ वाळून लाकडासारखा व्हावा. मग कोरड्या दिवशी, धारदार सुरीने, चार बोटे देठ राखून फळ कापावे. पिरगळून ओढू नये, देठाला धरून उचलू नये आणि टोपलीत आदळू नये. देठ हे भोपळ्याचे बूच आहे. ते निघाले की कुजीला दार उघडे झाले. देठ तुटलेले किंवा खरचटलेले फळ आधी खावे, ते माळ्यावर चढवू नये.

तोडलेली फळे आठ-दहा दिवस पडवीत, सावलीत, वाऱ्यावर उबदार जागी ठेवावीत. त्याने साल टणक होते आणि बारीक ओरखडे भरून येतात. त्यानंतर फळ्यांवर किंवा गवतावर एकेरी, एकमेकांना न टेकता मांडावीत किंवा शिंक्यात टांगावीत. ओली भिंत आणि फरशी टाळावी. पिकणारी केळी जवळ ठेवू नयेत. इंदूर-ग्वाल्हेरकडे थंडीत फळे घरात घ्यावीत, कारण १० अंशांखालच्या गारव्यात फार दिवस राहिलेले फळ बिघडते. अख्खा भोपळा शीतकपाटात ठेवू नये, तो याच कारणासाठी. दर आठवड्यास प्रत्येक फळ हाती घेऊन पाहावे. मऊ डाग दिसताच ते बाजूला काढावे. एक कुजलेले फळ शेजारच्या चारांना नासवते. हे काम मुलांकडे सोपवावे. त्यांची नजर तीक्ष्ण असते आणि त्यांना राखणीची सवयही लागते.

शेवटी एक सावधगिरी. शिजविण्यापूर्वी फोडीचा कण जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि फळ पुरावे. त्या कडूपणात विषारी द्रव्य असते. मीठ, गूळ किंवा उकळी यांनी ते जात नाही. अन्न वाया घालवू नये हे खरे, परंतु घरच्यांच्या जिवापुढे एका भोपळ्याची किंमत काय?

पुढच्या पावसाळ्यासाठी बी ठेवाल, ते निरोगी वेलाच्या, गोड निघालेल्या फळाचेच ठेवा. धुऊन, सावलीत वाळवून, कोरड्या डब्यात भरा आणि त्यावर वर्ष लिहून ठेवा. माळ्यावरचा पुढचा भोपळा तेथूनच सुरू होतो.