फंडाचा पैसा कुणाचा?

आमच्या वसईच्या उमेळ्यात कुणी सरकारी नोकरीतून रिटायर झालं की निरोपाचा हार सुकायच्या आत घरी लोकांची ये-जा सुरू होते. "फंड किती आला?" कुणी थेट विचारतं, कुणी आडून. मग सल्ले येतात. नायगावला एक फ्लॅट घेऊन टाका, भाडं येत राहील. अमुक पतपेढी बँकेपेक्षा जादा व्याज देते. जुन्या घरावर मजला चढवा, पोराचं लग्नही त्यातच उरकून घ्या. आणि प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी एकच पालुपद: "तुम्हाला काय चिंता? पेन्शन आहे!"

मी सारी नोकरी एका सरकारी कार्यालयाच्या लेखाशाखेत केली, आणि तिचा मोठा भाग दुसऱ्यांच्या पेन्शनचे कागद तयार करण्यात गेला. म्हणून हे पालुपद मला खोडून काढायचं आहे. बाकीचे सगळे सल्ले त्याच्याच जिवावर उभे आहेत.

पहिला प्रश्न, पेन्शन आहे ती कोणती? एकाच आळीत राहणाऱ्या तीन माणसांच्या तीन तऱ्हा असतात. राज्य सरकारच्या नोकरीत 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी लागलेल्याला जुनी पेन्शन आहे. त्या तारखेला किंवा नंतर लागलेल्याच्या पगारातून दरमहा 10 टक्के कापले जातात, सरकार आज 14 टक्के घालतं आणि पैसा बाजारात गुंतवला जातो. रेल्वेत आणि केंद्राच्या इतर नागरी खात्यांत हीच रेघ 1 जानेवारी 2004 ला ओढली गेली. आणि एसटीचा कंडक्टर? लोक त्यालाही सरकारी नोकरच समजतात. पण त्याची पेन्शन 1995 च्या भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली. तिथे पगाराची कमाल मर्यादा 15,000 धरतात, म्हणून 35 वर्षांच्या नोकरीचा हिशेब 7,500 च्या वर जात नाही. या तिघांना एकच वाक्य ऐकवणं अन्यायाचं आहे.

नव्या पद्धतीची बाजू मांडणारे म्हणतात, बाजारात पैसा वाढतो, रिटायर होताना जुन्या पेन्शनवाल्यापेक्षा मोठी रक्कम हातात येईल. रक्कम मोठी दिसते हे खरं आहे. समजा, अठ्ठावन्नाव्या वर्षी खात्यात 40 लाख जमले. त्यातले 60 टक्के, म्हणजे 24 लाख, रोख मिळतात. उरलेल्या 16 लाखांची अ‍ॅन्युइटी घ्यावी लागते. ती साडेसहा टक्क्यांनी मिळाली असं धरलं तर महिन्याला सुमारे 8,650 रुपये येतील. नेहमीच्या पर्यायांत हा आकडा पुढे वाढत नाही. महागाई 6 टक्क्यांनी वाढत राहिली तर बारा वर्षांनी त्या पैशात आजच्या निम्मा बाजारही होणार नाही. बारा वर्षांनी माणूस सत्तर वर्षांचा झालेला असेल, आणि खरे डॉक्टर तेव्हाच सुरू होतात.

जुन्या पेन्शनचं मोल नेमकं इथे आहे. पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी, आणि तिच्यावर महागाईवाढ. माणूस म्हातारा होत जातो तशी ती त्याच्याबरोबर चालते. मार्च 2023 मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले लाखो कर्मचारी 14 ते 20 तारखेपर्यंत संपावर गेले, तेव्हा पुष्कळ लोक त्यांना लोभी म्हणाले. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. नाकरा खटल्यात 17 डिसेंबर 1982 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पेन्शन ही मालकाच्या मर्जीची खैरात नाही, केलेल्या सेवेतून मिळवलेला हक्क आहे, असं सांगून ठेवलं आहे. ती तारीख पेन्शनर आजही आपला दिवस म्हणून पाळतात.

तिजोरीवरचा बोजा खोटा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. डिसेंबर 2022 च्या नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्र्यांनी 1 लाख 10 हजार कोटींचा भार पडेल असं सांगितलं होतं. आकड्यावर वाद घालता येईल. पण जिच्या पाठीशी ना संघटना ना पेन्शन, त्या भाजीवाल्या बाईच्या करातूनही हा पैसा जातो, हे सरकारी नोकराने विसरू नये. म्हणून मला मधला मार्ग पटतो. पगारातून कर्मचाऱ्यानेही घालावं, पण म्हातारपणाची हमी बाजारावर न सोडता सरकारने घ्यावी. राज्य सरकारने 1 मार्च 2024 ला विधिमंडळात जवळपास हेच कबूल केलं: शेवटच्या पगाराच्या 50 टक्के पेन्शन, तिच्यावर महागाईवाढ, आणि मागे राहणाऱ्या जोडीदाराला त्या पेन्शनच्या 60 टक्के. त्याच वर्षी 24 ऑगस्टला केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारायचं ठरवलं.

आता झालं सगळं, असं म्हणून तरुण मंडळी गप्प बसली आहेत. त्यांनी हिशेब करून बघावा. केंद्राच्या योजनेत पूर्ण 50 टक्के मिळायला 25 वर्षं सेवा लागते. आपल्याकडे खुल्या वर्गाला अडतिसाव्या वर्षापर्यंत आणि मागासवर्गीयांना त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत नोकरी लागू शकते, आणि बहुतेक जण अठ्ठावन्नला घरी जातात. म्हणजे सेवा वीस वर्षांची, नाहीतर पंधराच. स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासात उमेदीची वर्षं घालवलेल्यांना त्या प्रमाणात कमी, वीस वर्षांना 40 टक्के आणि पंधराला 30. शिवाय रिटायर होताना खात्यातला पैसा रोख उचलला तर हमीची पेन्शनही त्या मानाने खाली येते. अर्ज भरायच्या आधी आपली सेवा नेमकी किती वर्षं, किती महिने भरते ते ज्याने त्याने कागदावर मांडलं पाहिजे.

जुन्या पेन्शनवाल्यांचंही काही सांगायचं आहे. आपल्याकडे 'पेन्शन विकली' म्हणतात, तो शब्द अगदी खरा आहे. मूळ पगार 60,000 असेल तर पेन्शन 30,000. तिचा 40 टक्के भाग, म्हणजे महिन्याचे 12,000, विकता येतो. त्याचे एकरकमी साधारण 12 लाख मिळतात. मग पंधरा वर्षं दरमहा 12,000 कापले जातात, त्याची बेरीज 21 लाख 60 हजार. हा व्यवहार वाईटच असतो असं नाही. महागाईवाढ पूर्ण मूळ पेन्शनवर चालू राहते, आणि मधेच माणूस गेला तर उरलेली कपात घरच्यांच्या बोकांडी बसत नाही. डोक्यावर महागडं कर्ज असेल तर मीच सांगेन, विका आणि मोकळे व्हा. पण मांडवासाठी, बँडसाठी, हजार माणसांच्या जेवणासाठी पंधरा वर्षांची चाळीस टक्के पेन्शन विकणारे बाप मी पाहिले आहेत. त्यांना अडवलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

"पण पोरांसाठी नाही तर कुणासाठी?" हा पूर्वपक्षातला सगळ्यांत बळकट मुद्दा आहे, कारण तो मायेतून येतो. माझं उत्तर असं: शिकवणं बापाचं काम, ते नोकरीत असताना करावं. फंड हा पगार नव्हे आणि बक्षीसही नव्हे. तो पंच्याहत्तर वर्षांच्या तुमचा आणि तुमच्या बायकोचा पैसा आहे. ती दोन माणसं अजून समोर उभी नाहीत, त्यांची बाजू मांडायला ओट्यावर कुणी येत नाही. त्यांच्या वाट्याचा पैसा पोराच्या हाती दिलात, तर पुढे औषधाच्या चिठ्ठीसाठी त्याच पोराकडे हात पसरावा लागतो, आणि मग मायाही टिकत नाही.

फ्लॅटवाल्यांना मी एवढंच सांगतो, नालासोपाऱ्याच्या अगरवाल नगरीत जाऊन या. तिथल्या 41 बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या आणि आयुष्याची पुंजी घातलेली कुटुंबं रस्त्यावर आली. वसई-विरारमध्ये जागा घेताना कागद तपासायला रिटायर माणसाकडे ना वकील असतो ना दम. आणि कागद चोख असले तरी ऑपरेशनच्या वेळी फ्लॅटची एक खोली तेवढी विकता येत नाही. पतपेढीचं तर त्याहून थोडक्यात सांगता येईल. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतपेढीतल्या ठेवीला तोही नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. ती तर बँक होती, रिझर्व्ह बँकेच्या नजरेखालची.

मग करायचं काय? मी पोस्टाचं नाव घेतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल 2023 मध्ये 15 लाखांवरून 30 लाख झाली आणि व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं. ती साठीनंतरची योजना, पण पंचावन्न पूर्ण झालेल्या रिटायर माणसालाही खातं उघडता येतं, फक्त निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ही मुदत सल्ले ऐकण्यात निघून जाते. थोडे पैसे हाताशी ठेवा, थोडे लांबच्या पल्ल्यासाठी वाढत ठेवा, आणि बायकोच्या नावाचं खातं वेगळं असू द्या.

बायकोचा विषय मी मुद्दाम काढतोय. आमच्या शेजारच्या आळीतल्या एका बाईंचे यजमान रिटायर होऊन चार वर्षांत गेले. 30,000 ची पेन्शन असेल तर काही वर्षांनंतर विधवेला मूळ 18,000 उरतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते दुःख पुढचं. आधी तेही मिळेना. सर्व्हिस बुकात त्यांचं नाव माहेरच्या वळणाचं, आधारवर एक आडनाव 'लोपीस', बँकेत 'लोपेस', आणि चर्चच्या दाखल्यात बाप्तिस्म्याचं तिसरंच नाव. प्लास्टिकच्या पिशवीत झेरॉक्स घेऊन त्या आठ महिने एका कार्यालयात खेटे घालत होत्या. पिशवीच्या तळाशी दोघांचा पासपोर्ट आकाराचा जोडफोटो होता, कोपरे मऊ पडलेला. तो पेन्शनच्या कागदांसोबत लागतो, म्हणून कधीकाळी काढून ठेवलेला. त्यात नवऱ्याने टाय लावला होता. "ते म्हणायचे, तुला काय करायचंय त्यातलं," एवढंच त्या मला म्हणाल्या.

तेव्हापासून माझ्या नियोजनाच्या यादीत पैशाच्या आधी नाव येतं. सर्व्हिस बुक, आधार, पॅन, पासबुक यांत दोघांची नावं अक्षराला अक्षर जुळतात का, ते रिटायर होण्याच्या दोन वर्षं आधी बघायचं. वारसनोंद लग्नाआधीची असेल तर तिथे अजून आईचंच नाव असतं, तेही बघायचं.

जुन्या मास्तरांनी शाळेत अर्ध्या गावाची जन्मतारीख 1 जून लिहिली, त्यामुळे आजही 31 मेला रिटायर होणारे घाऊक निघतात. आमच्या गल्लीतले एक शिक्षक येत्या 31 मेला निघतायत. त्यांनी परवा विचारलं, "काका, एकदा कागद बघाल का?" मी त्यांना रविवारी बोलावलं आहे. सर्व्हिस बुकाची झेरॉक्स आणायला सांगितली आहे, आणि बायकोला सोबत आणल्याशिवाय येऊ नका, असंही सांगितलं आहे.