त्वचेची चाचणी आणि आपले ताट

कोणाच्या अंगावर कोळंबी खाल्ली की गांधी उठतात, कोणाचे ओठ बेसनाची भजी खाल्ल्यावर सुजतात, तर कोणाचा घसा वांग्याच्या भाजीने खाजतो. प्रौढ वयात असा त्रास सुरू झाला की डॉक्टर त्वचेची चाचणी सुचवतात. पुष्कळ जण वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी घेऊन घरी येतात आणि गृहिणीला प्रश्न पडतो, आता शिजवायचे तरी काय?

चाचणी सोपी असते. कोपराखालच्या हातावर पदार्थांच्या अर्कांचे थेंब ठेवून त्वचेला हलकेच टोचतात. पंधरा-वीस मिनिटांनी तेथे उठलेली गांध, नुसत्या मिठाच्या पाण्याने उठलेल्या गांधीपेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी असली तर चाचणी ‘पॉझिटिव्ह’ मानतात. याचा अर्थ इतकाच, की त्या पदार्थाविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार झाली आहेत. तो खाल्ल्यावर त्रास होईलच, असे नाही.

कर्नाटकातील प्रौढांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा फरक स्पष्ट दिसला. सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या खाद्यपदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली; पण संभाव्य ॲलर्जी निघाली ती फक्त १.२ टक्क्यांना!

चाचणीचा अर्थ लावताना प्रांतोप्रांतीचा आहारही पाहावा लागतो. उत्तरेकडचे छोले, गुजरातचा ढोकळा, महाराष्ट्राचे पिठले, हे सारे हरभऱ्याचे. भारतात हरभरा हे ॲलर्जीचे महत्त्वाचे कारण असल्याचे मुंबईतील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले. मात्र कडधान्यांतील प्रथिने एकमेकांशी मिळतीजुळती असल्याने एका डाळीची ॲलर्जी असलेल्याला चार डाळींची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. शाकाहारी घरात सगळ्याच डाळी बंद केल्या तर प्रथिने मिळणार कोठून?

किनारपट्टीवरची गोष्ट वेगळी. घरातील धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी असणाऱ्याला कोळंबीची चाचणीही पॉझिटिव्ह येऊ शकते, मग तो कोळंबी मजेत खात का असेना! उलट, बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन साठते. तो खाल्ल्यावर अंग लाल होते, खाज सुटते. पण ही विषबाधा असते, ॲलर्जी नव्हे. दुधातील साखर न पचल्याने पोट बिघडते, तेही या चाचणीत दिसत नाही.

म्हणून चाचणीला जाण्यापूर्वी काय खाल्ले, किती वेळाने, कोणता त्रास झाला, याची नोंद ठेवावी. ज्या पदार्थांचा संशय आहे, त्यांचीच चाचणी करावी. एखाद्या पदार्थाचा तयार अर्क नसेल, तर डॉक्टर ताजा पदार्थ टोचूनही पाहतात. ॲलर्जीच्या गोळ्यांनी निकाल चुकतो. त्या किती दिवस आधी थांबवायच्या ते डॉक्टरांनाच विचारावे. तरीही शंका उरली, तर रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा खायला देऊन खात्री करतात. हा प्रयोग घरी मुळीच करू नये.

एखाद्या पदार्थाने श्वास कोंडला, जीभ सुजली किंवा भोवळ आली, तर मात्र तडक रुग्णालय गाठावे आणि तपासणी होईपर्यंत तो पदार्थ कटाक्षाने टाळावा. बाकी जे आजवर खाऊन पचले, ते केवळ हातावर गांध उठली म्हणून ताटातून काढण्याची घाई नको.